पातेल्याची दुसरी कडी

लूकच्या शुभवर्तमानातला मार्था आणि मरीयेचा उतारा उपासनेत वाचला जायचा, तेव्हा आई मान खाली घालून आपल्या हातांकडे बघत बसायची. १०व्या अध्यायातल्या ३८ ते ४२ या पाच ओव्या. त्यांवरचा उपदेशही ठरलेला असे: मार्था धावपळ करत राहिली, मरीया प्रभूच्या चरणांशी बसली, आपण मरीयेसारखं व्हावं. प्रीतिभोजनाच्या रविवारी हा उतारा निघाला की मला आईकडे बघवत नसे. देवळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहाटेपासून चुली पेटलेल्या असत. खिडकीतून येईल तेवढाच उपदेश तिथल्या बायकांच्या वाट्याला येई. वाचनापुरती आई पदराला हात पुसत आत यायची आणि शेवटच्या बाकावर टेकायची.

एकदा घरी परतताना तिने विचारलं, "सगळ्याच मरीयेसारख्या बसल्या असत्या, तर प्रभूला जेवायला कोणी वाढलं असतं रे?" आवाजात राग नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. मी तेव्हा १२ वर्षांचा होतो, माझ्याकडे काही नव्हतं. पुढे थोडं ग्रीक शिकलो ते या प्रश्नाच्या ओढीने, असं म्हटलं तरी चालेल. आणि जसजसा मूळ शब्दांपाशी गेलो, तसतशी त्या पाच ओव्यांची घडण मला थक्क करत गेली. इतक्या थोड्या जागेत इतकं घर उभं करणारा लेखक मी फार वाचलेला नाही.

पहिल्याच ओवीत लूक यजमानपण मार्थेला देतो. गावाचं नाव तो सांगत नाही. बेथानी हे नाव आपल्याला योहानाकडून कळतं. घरात लाजर हा भाऊ असल्याचंही लूक सांगत नाही. दारात उभी राहून पाहुण्याला आत घेणारी मार्थाच. अरामी भाषेत या नावाचा अर्थच घरधनीण. 'मार' म्हणजे धनी, प्रभू. 'मार्था' हे त्याचं स्त्रीरूप. लूक ग्रीकमध्ये लिहितो म्हणून हा नाद कानावर येत नाही, पण थोड्याच वेळात ही घरधनीण पाहुण्याला 'प्रभू' म्हणून हाक मारते, तेव्हा त्या घराच्या बोलीत दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत हे आठवून वाचावं. घर तिचं आहे. तिच्या घरात धनी कोण, हा पेच पुढच्या तीन ओव्यांत उभा राहणार आहे.

मग येते मरीया. ती प्रभूच्या पायाशी बसून त्याचं वचन ऐकत होती. इथे ग्रीकमध्ये एक चिमुकला शब्द आहे, 'काई', म्हणजे 'सुद्धा'. ती'सुद्धा' बसली. अनेक भाषांतरांत तो गळून गेला आहे. सुद्धा म्हणजे आणखी कोण? शिष्य असतील. की मार्थाही एरवी तिथे बसत असे? व्याकरण दोन्हीला वाव देतं. मला दुसरी शक्यता प्रिय आहे, हे कबूल करतो; कारण ती खरी असेल, तर मार्थेला त्या जागेचं मोल आधीच ठाऊक होतं आणि तिच्या तक्रारीत आपल्याला मुकावं लागलेल्या गोष्टीची कळही आहे.

'पायाशी बसणं' हेही नुसतं भक्तिभावाचं चित्र नाही. प्रेषितांच्या कृत्यांत पौल सांगतो की तो गमलिएलाच्या पायाशी शिकला. गुरूच्या पायाशी बसणं म्हणजे शिष्यत्व घेणं, शास्त्र शिकायला बसणं. जी जागा पुरुषांची समजली जायची, तिथे एक बाई जाऊन बसली आणि तिला कोणी उठवलं नाही. आमच्याकडच्या उपदेशांतून मरीया शांत, गरीब स्वभावाची, डोळे मिटलेली अशी उभी राहायची. लूकची मरीया विद्यार्थिनी आहे. ती विसावा घेत नाही, शिकते आहे.

आता मार्था. तिच्यासाठी लूकने जे क्रियापद निवडलं आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'चहूकडून ओढली जात होती'. मराठीला इथे काही शोधावं लागत नाही. आपल्याकडे 'ओढाताण' हा शब्द तयारच आहे. आणि क्रियापदाचा काळ चालू असलेल्या क्रियेचा आहे: ती ओढली जात होती, जातच होती. चुलीवर काहीतरी, दाराशी कोणीतरी, पाण्याची घागर अर्धी, आणि आतल्या खोलीतून येणारा तो आवाज, ज्याचे तुटक शब्द कानावर पडताहेत पण अर्थ लागत नाही. लूकने यातलं काहीच लिहिलेलं नाही. एका क्रियापदात हे सगळं बसलं आहे. पत्र्याच्या शेडमधल्या बायकांना ते कोणी समजावून द्यायला नको होतं.

तिला ओढणारी गोष्ट कोणती? लूक 'स्वयंपाक' म्हणत नाही. तो म्हणतो 'दियाकोनिया', सेवा. हा शब्द त्याने हलक्या हाताने वापरलेला नाही. दोनच अध्याय आधी, आपल्या ऐपतीतून येशूची आणि बारा जणांची सेवा करणाऱ्या गालीलातल्या बायकांसाठी त्याने याच धातूचं क्रियापद घेतलं आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या ६व्या अध्यायात विधवांना रोज अन्न वाटलं जातं तेही दियाकोनिया, आणि प्रेषित वचन सांगतात तेही दियाकोनिया. दोन कामांना एकच नाव. पंक्तीत वाढण्यासाठी नेमलेला स्तेफन पुढच्याच अध्यायात एवढं मोठं भाषण करतो, यावरून त्या दोन कामांमधली भिंत किती पातळ होती ते दिसतं. मंडळीतल्या 'डीकन' या पदाचं मूळही हेच. आणि या सगळ्याच्या वर, शेवटच्या भोजनाच्या रात्री, आपल्यात मोठा कोण म्हणून शिष्य वाद घालत असताना, येशू स्वतःविषयी बोलतो तेव्हा कोणता शब्द वापरतो? बसून जेवणारा नव्हे, वाढणारा. तोच धातू. मार्थेचं क्रियापद त्याने स्वतःसाठी घेतलं. लूकचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेल्या माणसाला, येशूने इथे चुलीला कमी लेखलं, असं म्हणताच येणार नाही.

उताऱ्याची जागाही बघावी. याच्या लगेच आधी चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे. तिथे प्रीती म्हणजे जखमेवर ओतलेलं तेल आणि द्राक्षारस, आपल्या जनावरावर बसवलेला परका माणूस, सरायवाल्याच्या हाती ठेवलेले दोन दिनार. सगळी हातांची कामं. याच्या लगेच नंतर, ११व्या अध्यायाच्या आरंभी, येशू शिष्यांना प्रार्थना शिकवतो आणि त्या प्रार्थनेत रोजची भाकर आहे. एका बाजूला सराय, दुसऱ्या बाजूला भाकर, आणि मध्ये मार्थेचं घर. ही मांडणी लूकची स्वतःची. इतर शुभवर्तमानांत ती नाही. ज्याने नुकतीच हातांची इतकी थोरवी गायली, तो पान उलटताच हातांना खाली ढकलील, हे मला पटत नाही. त्याला दुसरंच काही दाखवायचं आहे, आणि ते मार्थेच्या तोंडच्या वाक्यात आहे.

ती येते आणि उभी राहते. एक बसलेली, एक उभी. चित्रकारांनी या क्षणावर जीव टाकला तो उगाच नाही. ती बहिणीशी बोलत नाही. पाहुण्याशी बोलते, तेही प्रश्नाने सुरुवात करून: तुम्हाला याचं काहीच वाटत नाही का? बहिणीचं नावही घेत नाही; 'माझी बहीण' म्हणते. त्या छोट्याशा तक्रारीत ग्रीकमध्ये 'मी'ची तीन रूपं आली आहेत: माझी बहीण, मला टाकून, मला मदत. आणि मधोमध एक शब्द: 'एकटी'. सेवेत मला एकटीला सोडलं. ही ओवी मोठ्याने वाचताना माझा आवाज नेहमी इथे अडखळतो. घरात माणसं भरलेली असताना स्वयंपाकघरात येणारा एकटेपणा ज्याने बघितला आहे, त्याला यातला हुंदका ऐकू येतो.

उत्तरात येशू तिचं नाव दोनदा घेतो. पवित्र शास्त्रात नाव दोनदा घेतलं जातं ते मोठ्या वळणावर: अब्राहाम सुरी उगारतो तेव्हा, जळत्या झुडपापाशी मोशेला हाक येते तेव्हा, रात्री मंदिरात निजलेल्या शमुवेलाला, दिमिष्काच्या वाटेवर शौलाला. त्या ओळीत ही घरधनीण बसली आहे. रागावलेल्या माणसाचं नाव दोनदा घ्यायला जो धीमेपणा लागतो, तो या हाकेत आहे. ती फटकार आहे असं मला लहानपणी वाटायचं. आता वाटतं, चहूकडून ओढल्या जाणाऱ्या बाईला कोणीतरी दोन्ही हातांनी धरून थांबवलं आहे.

पुढे तो काय म्हणतो आणि काय म्हणत नाही, हे तोलून बघण्यासारखं आहे. काम सोड, असं तो म्हणत नाही. कामाचं नावच घेत नाही. तो दोन गोष्टी दाखवतो. एक चिंता, हेच क्रियापद १२व्या अध्यायात, काय खाऊ याची काळजी करू नका म्हणताना, पुन्हा येतं. दुसरी आतली खळबळ. त्याच कुळातला शब्द कृत्यांच्या पुस्तकात इफिसातल्या दंगलीसाठी आला आहे. मार्थेच्या मनात बाजार उसळला आहे. आणि हे 'पुष्कळ' गोष्टींमुळे, तर गरज 'एका'ची. ग्रीकमध्ये 'एकटी' आणि 'एक' हे दोन निराळे शब्द आहेत. मराठीत मात्र 'एकटी'च्या पोटात 'एक' आहे. मार्था म्हणते मी एकटी. तो म्हणतो एक. जे तिला खुपतं आहे त्याच्याच आत तो तिला काही दाखवतो, हे आपल्या भाषेत जास्त चांगलं ऐकू येतं.

शेवटचा शब्द तर खास तिच्या घरातला आहे. मरीयेने निवडलं ते काय? 'मेरिस', म्हणजे वाटा. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द पंगतीतल्या वाढपासाठी येतो: योसेफ आपल्या भावांना पानं वाढायला लावतो आणि बन्यामिनाचा वाटा सगळ्यांपेक्षा मोठा असतो, तिथे. स्वयंपाकघरातून आलेल्या बाईशी येशू ताटाच्या भाषेत बोलतो आहे: तिच्या पानात चांगलं वाढलं गेलं आहे, ते उचलून घ्यायचं नाही. म्हणजे त्या खोलीत आधीपासून जेवण चालू आहे. वाढणारा तो आहे, आणि जिने सगळ्यांसाठी रांधलं तिचं पान अजून रिकामं आहे. हे मला उमगलं त्या दिवशी आई असती, तर मी तिला फोन करून हेच आधी सांगितलं असतं. तुला कामावरून कोणी हिणवलं नव्हतं गं. तू उपाशी आहेस, एवढंच कोणाच्या तरी ध्यानात आलं होतं.

शतकानुशतकं या दोघी बहिणींना दोन मार्गांची नावं दिली गेली: मार्था कर्माची, मरीया ध्यानाची. ऑगस्टिनने या उताऱ्यावर प्रवचनं केली. मरीया बंदरात पोचलेली, मार्था अजून समुद्रात, अशी त्याची मांडणी. पण मार्थेचं काम वाईट आहे असं तोही म्हणत नाही. जर्मनीतला माइस्टर एकहार्ट १४व्या शतकाच्या आरंभी पार दुसऱ्या टोकाला गेला. त्याच्या मते दोघींत परिपक्व ती मार्था. मरीया अजून गोडीत रमली आहे, तिला जगणं शिकायचं आहे, आणि मार्था कामाच्या मध्ये उभी राहूनही आत स्थिर आहे. मी हे भान हरपून वाचलं, पण मला ते मजकुरावर लादलेलं वाटतं. लूकची मार्था स्थिर नाही, आणि ती स्थिर नाही म्हणूनच आपली आहे. मला जवळची वाटते ती आविलाची तेरेसा. मठ उभारण्यासाठी ती स्पेनभर फिरली. जागा, कर्ज, गवंडी, भांडणं सगळं तिने निस्तरलं. स्वयंपाकाच्या पाळीमुळे प्रार्थना चुकते म्हणून हळहळणाऱ्या जोगिणींसाठी तिने लिहून ठेवलं की भांड्याकुंड्यांतही प्रभू वावरतो. १५७७ साली लिहिलेल्या 'अंतरीचा किल्ला' या ग्रंथात, साती दालनं ओलांडून अगदी शेवटी पोचल्यावर ती म्हणते की दोघी बहिणींनी मिळूनच प्रभूचं आतिथ्य करायला हवं. ध्यानाची परमावधी गाठलेली बाई तिथून परत चुलीपाशी येते.

तेरेसाच्याच देशात, १६१८ साली, सेव्हिलमधल्या वेलास्केस नावाच्या विशीतही न पोचलेल्या चित्रकाराने हा उतारा रंगवला. चित्र आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. समोर स्वयंपाकघर: चार मासे, दोन अंडी, लसूण, एक सुकी लाल मिरची, आणि पितळी खलात बत्ता धरलेली एक तरुण मुलगी. येशू आणि दोघी बहिणी मागे, एका चौकटीत, लहानशा. ती खिडकी आहे, आरसा आहे की भिंतीवरचं चित्र, यावर जाणकारांचं एकमत नाही. मुलीच्या मागची म्हातारी बोट दाखवून तिला काही सांगते आहे. मुलीचे डोळे भरून आले आहेत, गाल लाल झाले आहेत. लसणाने की बोलण्याने? बत्ता धरलेला तिचा हात किती खरा आहे! त्या मिरचीपाशी मी नेहमी थांबतो. अमेरिकेतून ती स्पेनच्या स्वयंपाकघरात पोचली, तशीच पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याला उतरून आपल्या खलबत्त्यात आली. पत्र्याच्या शेडमध्ये आई कुटायची तीच. वेलास्केसने शास्त्राला मागच्या चौकटीत आणि चुलीला पुढे ठेवलं, तेव्हा त्याने श्रद्धा कमी केली नाही. ती कुठून ऐकली जाते ते दाखवलं.

आणि हे ऐकणं आपल्याकडे कुठे घडलं असेल, तर ते केडगावला. पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदनात दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो मुलींच्या खाण्यापिण्याची, कपड्यालत्त्याची जबाबदारी अंगावर असताना मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून सगळं बायबल मराठीत आणलं. तिथे शेती होती, तेलाचा घाणा होता, माग होते, आणि छापखानाही होता. मुक्तीतल्या बायका-मुलींनी तो चालवला. रमाबाई १९२२ साली गेल्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये निघालं. त्या बायबलात या पाच ओव्याही आल्याच. चरणांशी बसणं आणि पंगत सांभाळणं एकाच बाईत, एकाच अंगणात. हा उतारा समजून घ्यायला मला एकहार्टपेक्षा त्या अंगणाचा जास्त उपयोग झाला.

मार्थेच्या तक्रारीतला एक शब्द मी मागे ठेवला होता. बहिणीने 'मदत करावी' यासाठी तिने वापरलेलं क्रियापद लांबलचक आहे, आणि त्याचे तीन तुकडे पाडले तर अर्थ होतो: सोबत, समोरच्या बाजूने, धरणं. पंगतीचं मोठं पातेलं चुलीवरून उतरवताना एकीने एक कडी धरायची आणि दुसरीने समोरची. ते हे क्रियापद. नव्या करारात हा शब्द आणखी एकदाच आला आहे: रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायात, जिथे पौल म्हणतो की आपल्याला नीट प्रार्थनाही करता येत नाही तेव्हा आत्मा आपल्या दुबळेपणात आपल्याला हातभार लावतो. मार्थेने बहिणीकडे जे मागितलं, ते देव स्वतः करतो असं पौल सांगतो. पातेल्याची दुसरी कडी तो धरतो. आणि विलक्षण हे, की मार्थेने ते मागितलं स्वयंपाकासाठी, पौल सांगतो प्रार्थनेविषयी. शब्द एकच.

पण म्हणून तिची मागणी आध्यात्मिक करून हवेत विरघळू द्यायची नाही, असं मला वाटतं. आमच्या मंडळीत पुढे एक साधा बदल झाला. चुली उपासना संपल्यावरच पेटवायच्या, जेवायला तीन वाजले तरी चालतील. आणि कांदे चिरायला, पातेली उतरवायला पुरुषांनीही यायचं. पहिल्या वर्षी भात लागला. बायका मात्र पहिल्यांदा पुढच्या बाकांवर बसल्या होत्या. कोणत्याही उपदेशापेक्षा या उताऱ्याचं हे वाचन मला अचूक वाटतं.

आईची स्वतःची रीत निराळी होती. शनिवारी रात्री ती दुसऱ्या दिवशीची ओवी वाचून ठेवायची आणि सकाळी पीठ मळताना, भाकरी थापताना तीच घोळवत राहायची. भाकरी परतण्याच्या वेळी थांबायची, पुन्हा तिथून पुढे. "वचन हाताशी ठेवलं की मन पळत नाही," म्हणायची. तेरेसा तिने ऐकलेलीही नव्हती.

लूक गोष्ट अर्धी सोडतो. मार्था काय म्हणाली, बसली की परत आत गेली, तो सांगत नाही. १५व्या अध्यायात उधळ्या मुलाचा थोरला भाऊ अंगणात उभा राहतो, तोही असाच. तो आत गेला का, कळत नाही. त्याचीही तक्रार भावंडाविषयीच, तीही राबण्याविषयीच.

पुढचं योहानाकडे आहे. लाजर वारल्यावर घरात बसून राहिली ती मरीया. येशूला भेटायला गावाबाहेर गेली ती मार्था. आणि तिथे तिने जे म्हटलं, तो ख्रिस्त आहे, देवाचा पुत्र आहे, जगात येणारा आहे, त्याच्या तोडीची कबुली मत्तयाच्या शुभवर्तमानात पेत्राच्या तोंडी आहे. हे ती कुठे शिकली? 'तीसुद्धा' बसत होती की काय, ही माझी आवडती शंका इथे पुन्हा डोकं वर काढते. मग ती घरी येऊन बहिणीला हळूच सांगते की गुरुजी आले आहेत, तुला बोलावताहेत. लूकमध्ये बहिणीला तिथून उठवा म्हणून प्रभूकडे गेलेली मार्था, इथे प्रभूकडे जा म्हणून बहिणीपाशी आली आहे. तरी ती मार्थाच आहे. कबरेवरची धोंड काढा म्हटल्यावर, चार दिवस झाले, आता घाण येत असेल, हे बोलणारी तीच. घर सांभाळणाऱ्या बाईचं नाक.

आणि वल्हांडणाच्या सहा दिवस आधी, बेथानीत जेवणाचा बेत होतो. लाजर पंक्तीला बसला आहे. मार्था वाढते आहे; योहान ग्रीकच्या चार शब्दांत एवढंच सांगतो, आणि क्रियापद तेच, दियाकोनियाचं. कोणाविषयी तक्रार नाही. मरीया जटामांसीचं मोलाचं तेल आणून प्रभूच्या पायांवर ओतते आणि सगळं घर सुवासाने भरून जातं. त्या सुवासात ताज्या भाकरीचा वासही मिसळला असणार.